हिराजी झोपला की गाडी पास

हिराजी गेला तो सोमवार होता. यासीनभाईंच्या ट्रेलरची केबिन जॅकवर होती. देवकीवहिनींचा फोन आला तेव्हा मी मागच्या ब्रॅकेटचे बोल्ट आवळत होतो. फोन ठेवला, कंप्रेसर बंद केला, शटर ओढलं आणि उरणच्या रस्त्याला लागलो.

हिराजी माझा भागीदार. देवकीवहिनी त्याची बायको. यासीनभाई आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्या केबिनची ट्रायल राहिली होती आणि ट्रायल नेहमी हिराजी घ्यायचा. तो नसेल तर ती कोणी घ्यायची, हे आमच्या वर्कशॉपमध्ये कधी ठरलंच नव्हतं.

पनवेलहून उरणकडे जाताना डाव्या हाताला टायरवाल्यांची रांग लागते. ती संपली की आमची शेड. लग्नकार्यात कोणी विचारलं, काय करता, की मी सांगायचो, ट्रकच्या केबिनला सस्पेन्शन बसवतो. लोक मान डोलवायचे आणि मुलांच्या शिक्षणाकडे वळायचे. त्यांचा दोष नाही. ट्रककडे बाहेरून बघणाऱ्याला चाकं दिसतात, मागचा डबा दिसतो. ड्रायव्हर जिथे बसतो, जेवतो, झोपतो, ती खोली गाडीला कशी जोडलेली आहे, हे बघायचं कारण पडत नाही.

गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या त्या लोखंडी स्प्रिंगा, मालासाठी केलेल्या असतात. माणसासाठी नाही. डबा भरलेला असला तर पाटे थोडेफार दबतात. ट्रेलर रिकामा असला तर ते हलतच नाहीत, आणि बंदरावरचा ट्रेलर बहुतेक वेळा एका बाजूने रिकामाच धावतो. त्या वर्षांत पुष्कळ गाड्यांच्या केबिना चेसिसवर रबराच्या चकत्या ठेवून सरळ बसवलेल्या असत. रस्त्यातला खड्डा चाकातून पाट्यात, पाट्यातून चेसिसमध्ये, चेसिसमधून केबिनमध्ये आणि तिथून ड्रायव्हरच्या कण्यात, वाटेत कोणी अडवायला नाही. सीटच्या मागे एक फळी असते, एका माणसाच्या रुंदीची. तिच्यावर फोम. ड्रायव्हर महिन्यातले निम्मे दिवस तिच्यावर झोपतो. झोपतो म्हणजे आडवा होतो.

आम्ही ती केबिन चेसिसपासून सुटी करायचो. पुढच्या बाजूला बिजागरीसारखे बुश, मागच्या बाजूला हवेचे दोन फुगे, त्यांच्या शेजारी डोलणं आवरणारे शॉकअप. फुग्यांना हवा गाडीच्याच ब्रेकच्या टाकीतून, पण मध्ये असा व्हॉल्व्ह की फुगा फुटला तरी ब्रेकची हवा जाऊ नये. चेसिसला वेल्डिंग करायचं नाही, हा नियम. असलेल्या भोकांतच बोल्ट बसवायचे. आणि खरं काम तर याच्यापुढे. केबिन हलायला लागली की स्टिअरिंगची दांडी, गिअरचे रॉड, क्लचचा पाइप, वायरींचा जुडगा, तिला बांधून ठेवणाऱ्या प्रत्येक वस्तूला थोडं हलायला शिकवावं लागतं. एखादीला शिकवायचं विसरलं तर ती तुटते, आणि नेमकी घाटात तुटते.

यातलं बरंच मला पुस्तकातून माहीत होतं. मी सातारा जिल्ह्यातला, डिप्लोमा झालेला. तळोज्याच्या एका कारखान्यात डिझाइनला होतो. तो बंद झाल्यावर जीपगाड्यांची दुरुस्ती करायला ही शेड घेतली. केबिन टांगायची कल्पना मात्र माझी नाही. ती हिराजीच्या फळीवरून आली.

हिराजी तेव्हा ट्रेलर चालवायचा. उरणकडचा कोळी. खाडी बुजत गेली तशी घरची होडी किनाऱ्यावर चढली आणि तो बंदरावर आला. एकदा तो क्लचचं काम घेऊन आमच्याकडे थांबला. मी केबिनमध्ये डोकावलो तर झोपायची फळी काढून टाकलेली. तिच्या जागी छताच्या चार कोपऱ्यांतून टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या सोडलेल्या, आणि त्यांच्यावर जुनं जाळं ताणून बांधलेलं.

"हे काय?" मी विचारलं.

"झोपायचा." तो म्हणाला. "फळीवर माजा कंबरडा गेला, मास्तर. जाळ्यात मासली मरते, पण माणूस वाचतो."

माझ्या टेबलावर पुस्तकं बघून त्याने मला मास्तर ठरवलं होतं. पुढे सगळा रस्ता मला मास्तर म्हणू लागला. मी त्या जाळ्यावर हात टेकून पाहिलं, आणि म्हणालो, "फक्त झोपणारा माणूस का टांगायचा? चालवणाऱ्याने काय केलंय? सगळी केबिनच टांगू."

तो हसला नाही. जाळ्याकडे बघत राहिला. "उद्या गाडी खाली हाय," म्हणाला. "टांगा."

अशी पहिली केबिन झाली. काही महिन्यांनी त्याने ट्रेलर सोडला आणि शेडमध्ये आला तो भागीदार म्हणून.

ट्रायलची रीत त्याने घातली. गाडीच्या मालकाने चालवायची, हिराजीने मागच्या फळीवर झोपायचं. गव्हाण फाट्यावरून चिरनेरच्या बाजूला रस्ता इतका खराब होता की मुद्दाम शोधूनही दुसरा मिळाला नसता. त्याच रस्त्याने जायचं. हिराजीला झोप लागली तर गाडी पास. नाही लागली तर परत शेडमध्ये. झोपेचं सोंग त्याला येत नव्हतं, कारण तो घोरायचा.

ट्रायलला तो घरून उशी आणायचा. देवकीवहिनींच्या जुन्या लुगड्याचा हिरवा अभ्रा असलेली, कापसाची. मी म्हटलं, केबिनमध्ये असतेच की उशी. तर म्हणाला, "दर टायमाला उशी येगळी असली, तर मी गाडीनं झोपलो का उशीनं, कसा कळणार?"

देवकीवहिनी पनवेलच्या बाजारात मासळी विकायच्या. येताजाता शेडवर थांबायच्या. टोपली उतरवून, पदराने वारा घेत, शेजारच्या टायरवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "माजा नवरा काय काम करतो म्हायती हाय का? झोपतो. सगल्या पनवेलात झोपायचा पगार घेनारा यो एकलाच."

"तू गप बस," हिराजी म्हणायचा. "कवा तरी येऊन झोपून बग. मंग कळंल."

"मना टायम हाय का झोपाला?"

हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकलं की त्यातला प्रत्येक शब्द कुठे येतो ते मला पाठ होतं.

आमच्या पहिल्या पाच-सहा केबिना बघून हिराजी खूश होता. प्रत्येक केबिनमध्ये तो फळीवर टेकला की चिरनेर यायच्या आत घोरायचा. मग एक दिवस यासीनभाई आमच्याकडून केबिन करून नेलेली गाडी घेऊन परत आले. मूळचे मिरजेचे, पनवेलात स्थायिक झालेले. स्वतःचा ट्रेलर स्वतः चालवायचे. न्हाव्याच्या बंदरातून डबा घेऊन पुण्याला. त्यांनी गाडी शेडच्या तोंडाशी आडवी लावली आणि खाली उतरले ते चाकाला धरूनच उभे राहिले.

"मास्तर, या. वर बसा. बसून सांगा, ही गाडी आहे की मचवा?"

"काय झालं भाई?"

"खंडाळ्याला ओकलो. लोणावळ्याला ओकलो. वीस वर्षं स्टिअरिंग धरतोय, कधी असली तकलीफ नाही. माझा क्लीनर म्हणतो, तुम्ही व्हा पुढे, मी चालत येतो."

हिराजी पुढे झाला. "भाई, काल खाल्ला काय व्हता?"

"खाल्लेलं सगळं घाटात आहे. जाऊन बघून ये."

"मना तर झ्याक झोप लागलेली. पाळण्यासारखी."

"तुला लागणारच." यासीनभाई आता हसू लागले होते, पण चेहरा अजून पिवळा होता. "तू दर्याचा माणूस. तुझं पोटच पाण्यावर तरंगतं. आमच्या मिरजेत जमीन हलली तर लोक घर सोडून पळतात."

त्यानंतरच्या दिवसांत बाकीच्या गाड्याही एकेक करून परत आल्या. सगळे ड्रायव्हर घाटावरचे आणि सगळ्यांची तक्रार एकच. मी रात्रभर आकडे मांडण्याऐवजी दुपारी चहा पिताना साधा विचार केला तेव्हा ते ध्यानात आलं. हिराजी लहानपणी होडीत झोपला होता. आईच्या मांडीवर नसेल झोपला तितका होडीत. केबिन जितकी होडीसारखी डोलेल तितकी त्याला गाढ झोप. आम्ही प्रत्येक केबिन त्याच्या झोपेवर लावत गेलो, म्हणजे प्रत्येक केबिनची होडी करत गेलो. भरभर बसणारे हादरे हाडांना सोसत नाहीत. संथ डोलणं पोटाला सोसत नाही. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद जागा असते आणि आमचं काम तिथे होतं. आम्ही ती ओलांडून थेट समुद्रात गेलो होतो.

उपाय अवघड नव्हता. शॉकअप जरा कडक घ्यायचे आणि केबिनच्या मागे एक आडवी दांडी द्यायची, म्हणजे तिने वरखाली हलावं, डावीउजवीकडे झुलू नये. अवघड होतं ते हिराजीला सांगणं.

"म्हंजे माजी झोप खोटी?" त्याने विचारलं.

"खोटी नाही. पण एकट्याची आहे."

तो उठून गेला. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. पाना द्या, बोल्ट द्या. तिसऱ्या दिवशी आपण होऊन म्हणाला, "मास्तर, तुमाला गाडी लागते ना?"

मला गाडी लागते. एसटीत पुस्तक उघडलं की दोन ओळींत मळमळायला लागतं. सातारा ते पनवेल प्रवासात माझ्या खिशात कायम लिंबू असतं.

"मंग तुमी पुडं बसून वाचायचा. मी मागं झोपायचा. मना झोप लागली आणि तुमाला वाचता आला, तरच गाडी पास."

अशी आमची जोडट्रायल सुरू झाली. तो दर्याच्या बाजूने, मी घाटाच्या बाजूने. मालक गाडी चालवतोय, एक माणूस मागे घोरतोय, एक माणूस क्लीनरच्या सीटवर वाचनालयाचं पुस्तक घेऊन बसलाय. समोरून येणाऱ्या ड्रायव्हरांना काय वाटत असेल कोण जाणे. एकदा मी मोठ्याने वाचू लागलो, तर मागून आवाज आला, "मनात वाचा. मी गाडीनं झोपलो का पुस्तकानं, कसा कळणार?" मनातच वाचायचो. पण परतताना त्याला गोष्ट सांगावी लागे. तो ती घरी जाऊन देवकीवहिनींना सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे प्रश्न घेऊन यायचा. ती बाई अशी का वागली, त्या पोराचं शिक्षण कोणी केलं. त्यांची उत्तरं पुस्तकात नसायची. लेखकालाही आली नसती.

तऱ्हेतऱ्हेची माणसं आली. एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठना सीट मऊ हवी होती, मागची फळी मात्र जशीच्या तशी. "झोपायला सोय केली तर ड्रायव्हर झोपूनच राहील," त्यांनी सांगितलं. हिराजी फुग्याला साबणाचं पाणी लावून गळती बघत होता. मान वर न करता म्हणाला, "शेट, हितं नाय झोपला तर घाटात झोपंल." शेठनी फळीचंही काम करून घेतलं.

एक तरुण ड्रायव्हर होता. त्याच्या आईने केबिनमधल्या देवासमोर बांधायला पितळेची छोटी घंटा दिली होती. आमच्याकडून काम करून गेला आणि आठवड्याने परत आला. गाडीत काही बिघाड नव्हता. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, घंटा वाजत नाही. आधी पनवेल ते सोलापूर अखंड वाजायची. आता नुसता ब्रेक लागला की एकदा टिण् होते. देव बोलत नाही असं वाटतं, झोप येत नाही. मला हसू येत होतं. हिराजीला नाही आलं. त्याने ती घंटा सोडवली आणि पुढच्या बंपरला आतल्या बाजूने लावून दिली. बंपर चेसिसला असतो. सगळे हादरे तिथे पोचतात. पोराने गाडी बाहेर काढली ती वाजत गाजत गेली. आम्ही बराच वेळ ऐकत उभे होतो.

काम वाढलं तसं पुढे कमीही झालं. नव्या गाड्या येऊ लागल्या. त्यांच्या केबिना कारखान्यातूनच टांगलेल्या, काहींना एसीसुद्धा. हिराजी पहिली तशी गाडी बघायला मुद्दाम कळंबोलीला गेला. कोणाच्या तरी ओळखीने फळीवर आडवा झाला. आल्यावर मी विचारलं, कशी आहे? तो म्हणाला, "चांगली हाय." थोड्या वेळाने म्हणाला, "आपल्यावानीच हाय." त्याला ते आवडलं की टोचलं, हे मला कळलं नाही. मी विचारायला हवं होतं.

याच सुमारास यासीनभाई परत आले. काठी टेकत. मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, ट्रक सोडा, आणि सोडणार नसाल तर निदान हादरे सोडा. जुना ट्रेलर जाऊन त्यांच्याकडे दुसऱ्याच्या हातची गाडी आली होती. तिची केबिन जुन्या पद्धतीची, थेट चेसिसवर.

"मला दुसरं काही येत नाही, मास्तर," ते म्हणाले. "घरात बसलो तर भिंतीशी बोलायला लागेन. पण पाठ परत गेली तर उभाही राहणार नाही. गाडीला गिऱ्हाईक आलेलं आहे, त्याला थांबवून ठेवलंय. तुम्ही केबिन करा. हिराजी हिच्यात झोपला तर गाडी ठेवतो. नाही झोपला तर विकतो, विषय संपला."

"भाई, मना झोप लागली पन तुमी ओकलात तर?" हिराजी म्हणाला.

"मग तू पुसायचं."

हिराजीने त्या केबिनचं काम मन लावून केलं. बुश दोनदा बदलले. यासीनभाईंना सीटवर बसवून, त्यांचं वजन धरून फुग्यांची उंची लावली. शनिवारी म्हणाला, "सोमवारी ट्रायल." रविवारी त्याने देवकीवहिनींना मी वाचत असलेल्या, एका घड्याळजीवरच्या कादंबरीची गोष्ट सांगितली, जिथपर्यंत मी त्याला सांगितली होती तिथपर्यंत. सोमवारी पहाटे त्याच्या छातीत दुखू लागलं. उरणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

दिवसकार्य झालं. मी शेड उघडू लागलो. केबिनचं उरलंसुरलं काम संपवलं. गाडी उभी होती. यासीनभाई रोज यायचे, स्टुलावर बसायचे, चहा घ्यायचे, जायचे. गाडीचं नाव काढायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "मला घाई नाही." त्यांना घाई होती. गिऱ्हाईक दोनदा शेडवर येऊन गाडी न्याहाळून गेलं होतं.

एका दुपारी मी स्वतः त्या फळीवर आडवा झालो. डोळे मिटले. गाडी उभी होती, हादरा नव्हता, पंखा चालू होता. झोप आली नाही. वाचनाची गत त्याहून वाईट. कामोठ्याच्या घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत, जमिनीवर नीट टेकलेल्या खुर्चीत बसून मला एक पान वाचता येत नव्हतं. ओळ संपली की परत तीच ओळ. ज्याला खुर्चीत वाचता येत नाही त्याने केबिनमध्ये वाचून काय ठरवायचं? आम्ही दोघांनी मिळून जे एक मोजमाप केलं होतं त्याचे दोन्ही काटे मोडले होते.

मी यासीनभाईंना सांगितलं, "भाई, ही गाडी पास की नापास, मला सांगता येणार नाही."

ते म्हणाले, "मग उद्या गिऱ्हाइकाला बोलावतो. घेऊन जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक यायच्या आधीच, देवकीवहिनी आल्या. हातात टोपली नव्हती. चेहरा उतरलेला, डोळे आत गेलेले. यासीनभाई स्टुलावरून काठी टेकत उठले.

"बसा भाई, बसा. मी उशी न्याला आले."

हिराजीची उशी शेडमधल्या कपाटावर होती. मी काढून दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली, अभ्र्यावरून हात फिरवला. "कवाची धुतलेली नाय," म्हणाल्या. मग गाडीकडे बघितलं. "हीच ती?"

"हीच."

"ट्रायल झाली?"

यासीनभाईंनी नकारार्थी मान हलवली.

"तुम्हाला झोप लागते का वहिनी?" मी विचारलं. का विचारलं ते मला माहीत नाही.

"कसली झोप? डोला मिटला का कान उघडतो. घोरनं आयकू येत नाय ना." त्या उठल्या. "चला. मना घरी सोडा. तुमी त्याच रस्त्यानं न्यायचे ना गाड्या? यवडी वर्सं नवरा झोपाला जायचा, बगू तरी कुठं जायचा."

यासीनभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली.

त्यांनी गाडी चालवायला घेतली. मी क्लीनरच्या बाजूला. देवकीवहिनी मागच्या फळीवर मांडी घालून, उशी पोटाशी धरून. गाडी रस्त्याला लागली. गव्हाण फाटा आला. मग मागून आवाज आला.

"मास्तर, त्या घड्याळजीच्या गोष्टीत पुडं काय झाला? त्याचा सख्खा भाव परत आलेला, दारात उभा व्हता. यानं गोष्ट तितंच सोडली. दार उघडला का नाय?"

"मला माहीत नाही, वहिनी. मीही तिथेच थांबलोय."

"अजून? मंग वाचा की."

पुस्तक माझ्या पिशवीत होतं, नेहमी असतं. मी उघडलं आणि मोठ्याने वाचू लागलो. घड्याळजी आतून विचारतो, कोण आहे. बाहेरून उत्तर येत नाही. तो पुन्हा विचारतो. मी पान उलटलं, तेव्हा मागे काही हलल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं. देवकीवहिनी कुशीवर झाल्या होत्या. उशी डोक्याखाली, पदर तोंडावर.

"झोपल्या?" यासीनभाईंनी हळू विचारलं.

"झोपल्या."

"हिराजी असता तर मानलं नसतं त्याने. म्हणाला असता, गाडीने झोपली की पुस्तकाने?"

खरं होतं. मी मोठ्याने वाचायचं थांबवलं. पुढे तो खराब पट्टा लागला. यासीनभाईंनी वेग कमी केला नाही. गाडीची चाकं खड्ड्यात गेली, चेसिस खालून धडधडलं, पुढच्या काचेतून रस्ता वरखाली झाला. केबिन एकदा खाली बसली, वर आली आणि स्थिर झाली. मागून हालचाल नाही. दुसरा खड्डा, तिसरा. त्या उठल्या नाहीत.

मी मनात वाचू लागलो. एक पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर माझ्या लक्षात आलं की मी वाचतोय.

देवकीवहिनींच्या गावाचा फाटा आला. यासीनभाईंनी आरशात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी वळवली नाही. तसेच पुढे गेलो. द्रोणागिरीच्या गोदामांपर्यंत गेलो, तिथल्या मोकळ्या जागेत मोठा वळसा घेतला आणि त्याच रस्त्याने परत फिरलो. यासीनभाईंनी हॉर्न एकदाही वाजवला नाही. ट्रेलरवाल्याला ते किती कठीण आहे हे त्या रस्त्यावरच्या माणसाला सांगायला नको.

फाटा पुन्हा आला तेव्हा त्या जाग्या झाल्या. उठून बसल्या, बाहेर बघितलं.

"आपला तोंड पनवेलकडं कसा?"

"गाव मागे गेलं होतं वहिनी. परत आलोय."

"मंग उठवला नाय?" त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "दार उघडला?"

"उघडलं."

"बरा झाला." त्या यासीनभाईंकडे वळल्या. "आनी भाई, तुमची पाठ?"

यासीनभाईंनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. "आता तुम्ही विचारलं तेव्हा आठवलं, मला पाठ आहे."

त्या उतरल्या. मी उशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अभ्रा तेवढा काढून घेतला आणि उशी परत माझ्या हातात दिली.

"ही तुमच्याकडंच राऊ दे. अभ्रा मी धुऊन देते. कुनीतरी झोपाला लागंल ना."

यासीनभाईंनी गाडी विकली नाही. शेड चालू आहे, काम थोडं आहे. ट्रायलला मालक चालवतो, मी पुढे बसून वाचतो, आणि मागे त्या त्या गाडीचा ड्रायव्हर झोपतो. उशी कपाटावर आहे. तिला हिरवा अभ्रा आहे आणि तो मळला की देवकीवहिनी धुऊन आणतात.